वीतभर जेट एंजिन : बसवताना आणि चालवताना



वीतभर लांबीचे, तांब्याएवढ्या घेराचे आणि वजनाला एक किलोग्रॅमहून थोडे अधिक असे एक यंत्र डोळ्यांसमोर आणा. ते रॉकेलवर चालते आणि सुमारे १०० न्यूटन रेटा देते. म्हणजे दहा किलोग्रॅम वजन ते सहज तोलून धरील. ऐन भरात असताना त्याचा आस मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि शेपटीतून बाहेर पडणारा वायू ६०० ते ७०० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो. मॉडेल विमानांना बसवतात ते हे टर्बाइन एंजिन. मोठ्या जेट विमानाच्या एंजिनाचे हे धाकटे भावंड होय. पण ते खेळणे मात्र नव्हे.

या एंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत नियमांची लांबलचक यादी असते. इथे उभे राहू नका, तिथे नळी नेऊ नका, एंजिन बंद झाले तरी लगेच हात लावू नका. पाठ करायला गेलो तर ही यादी कंटाळवाणी वाटते. परंतु तुमच्या पाठ्यपुस्तकातले चार-दोन नियम हाताशी धरले, तर तीतला प्रत्येक नियम तुमचा तुम्हालाच सांगता येईल. आज आपण तेच करून पाहू.

लहान करणे अवघड का?

ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांचे जेट एंजिन १९३७ साली प्रथम चालले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांच्या एंजिनावर १९३९ च्या ऑगस्टमध्ये विमान उडाले. मात्र हौशी माणसाला घरच्या कार्यशाळेत बनवता येईल असे छोटे टर्बाइन यायला त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे जावी लागली. जर्मनीतील कुर्ट श्रेकलिंग यांनी १९९० च्या सुमारास ते साधले. गंमत अशी की त्यांच्या एंजिनात हवा दाबणारे चाक प्लायवूडचे होते आणि त्याला कार्बनच्या तंतूंनी बळकटी दिलेली होती!

इतका उशीर का लागला? हवा पुरेशी दाबायची तर चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर हवा. चाक लहान केले म्हणून ही गरज कमी होत नाही. चाकाचा व्यास निम्मा केला, तर तोच कडेचा वेग मिळवायला फेरे दुप्पट करावे लागतात. म्हणून मोठ्या विमानाच्या एंजिनाचे फेरे मिनिटाला काही हजार असतात, तर या चिमुकल्याचे लाखाच्या पुढे जातात.

आत काय घडते?

पुढच्या तोंडातून हवा आत येते. संपीडकाचे, म्हणजे कारागिरांच्या भाषेत कॉम्प्रेसरचे, चाक तिला बाहेरच्या बाजूस भिरकावते आणि तिचा दाब दोन-तीन पट वाढतो. ही हवा ज्वलनकक्षात शिरते. तेथे रॉकेल जळते व हवा तापून प्रसरण पावते. हा तप्त झोत टर्बाइनच्या पात्यांवर आदळून टर्बाइन फिरवतो. टर्बाइन आणि संपीडक एकाच आसावर असल्यामुळे संपीडकही फिरत राहतो. एवढे काम करून उरलेला झोत शेपटीच्या तोंडातून वेगाने बाहेर पडतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे एंजिनाला पुढे रेटतो.

हिशेब सोपा आहे. १०० न्यूटन वर्गातील एंजिन सेकंदाला सुमारे ०·२३ किलोग्रॅम हवा घेते आणि सुमारे ४३५ मीटर प्रति सेकंद वेगाने बाहेर टाकते. दर सेकंदाला बदलणारा संवेग म्हणजे ०·२३ गुणिले ४३५, अर्थात १०० न्यूटन. झाला रेटा!

आता उष्णतेचा हिशेब करू. पूर्ण रेट्यावर असे एंजिन मिनिटाला सुमारे एक तृतीयांश लिटर रॉकेल पिते. त्यातून दर सेकंदाला सुमारे १९० किलोज्यूल उष्णता निघते. झोताची गतिज ऊर्जा मात्र सेकंदाला २२ किलोज्यूलच्या आसपास भरते. म्हणजे शंभर भागांपैकी अकरा-बारा भाग गतीच्या कामी आले. बाकीची उष्णता शेपटीवाटे बाहेर! हे उत्तर लक्षात ठेवा, कारण एंजिन बसवताना याच उष्णतेशी आपली गाठ पडणार आहे.

एक ग्रॅमचे वजन पाचशे किलोग्रॅम!

समजा, चाकाचा व्यास ६६ मिलिमीटर आहे आणि ते मिनिटाला १,२०,००० फेरे, म्हणजे सेकंदाला २,००० फेरे घेते. परिघ सुमारे २०·७ सेंटिमीटर. तेव्हा कडेचा वेग झाला सेकंदाला ४१५ मीटर, म्हणजे हवेतील ध्वनीच्या वेगाहूनही जास्त. आता वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागा. त्वरण येते सुमारे ५२ लाख मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरणाच्या ते पाच लाख पटींहून अधिक आहे. चाकाच्या कडेवरील एक ग्रॅम धातू जागच्या जागी धरून ठेवायला ५,२०० न्यूटन अभिकेंद्री बल लागते. म्हणजे जणू त्या एका ग्रॅमचे वजन ५३० किलोग्रॅम झाले आहे. तुलनेसाठी छताचा पंखा घ्या. मिनिटाला ३०० फेरे घेणाऱ्या, ६० सेंटिमीटर पात्याच्या पंख्याच्या टोकाशी हे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या केवळ ६० पट असते.

श्रेकलिंग यांचे लाकडी चाक का टिकले, हेही यावरून कळेल. ओढणारे बल वस्तुमानाच्या प्रमाणात असते. चाक हलके, म्हणून त्याला स्वतःचाच भार कमी.

या गणितातून तीन नियम निघतात. पहिला : बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे १० टक्क्यांनी वाढले, तर धातूवरील ताण २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणून उत्पादकाने ठरवलेली फेऱ्यांची कमाल मर्यादा कधीही वाढवू नये. दुसरा : बारीकसा खडा, स्क्रू किंवा लाकडाचा कपटा आत गेला, तर चाकाचा टवका उडून तोल जातो. म्हणून एंजिनाच्या तोंडावर जाळी हवी आणि विमानाच्या पोटातील भुसा, कपटे, तारांचे तुकडे आधी निपटून काढायला हवेत. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. चाक फुटलेच, तर तुकडे कोठे जातील? गोफणीतला दगड सुटतो तसे ते स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे चाकाच्याच प्रतलात उडतील. म्हणून चालू एंजिनाच्या बाजूला, चाकाच्या रेषेत कोणीही उभे राहायचे नाही. पुढे व मागे जेवढे सुरक्षित अंतर ठेवतात, त्याहून अधिक अंतर बाजूला ठेवतात ते याच कारणाने.

धोका किती, तेही पाहा. १०० ग्रॅमची साधी चकती या गतीने फिरत असेल, तर तिच्यात सुमारे ४,३०० ज्यूल ऊर्जा साठते. दहा किलोग्रॅमचा धोंडा ४४ मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीवर आदळताना त्यात जवळजवळ एवढीच ऊर्जा असते.

एंजिन बसवताना

एंजिन धातूच्या पट्ट्याने विमानाच्या मजबूत चौकटीवर आवळतात. विमानाला मिळणारा सगळा रेटा या चार स्क्रूंमधूनच जातो. तेव्हा स्क्रू कंपनाने सैल होणार नाहीत अशी तजवीज करावी आणि दर उड्डाणापूर्वी ते तपासावेत.

एंजिन विमानाच्या पोटात असेल, तर त्याला हवा मिळण्यासाठी पुरेशी मोठी झडप किंवा खिडकी ठेवावी लागते. ती अपुरी असली, तर एंजिनाला हवा कमी पडते, इंधनाच्या मानाने थंडावा कमी होतो आणि झोताचे तापमान चढते. मागच्या बाजूस झोत वाहून नेणारी पातळ पोलादी नळी असते. तिला पुष्कळदा दुहेरी भिंत असते आणि दोन भिंतींमधून थंड हवा वाहते. एंजिनाचे तोंड आणि ही नळी यांत ठरावीक मोकळी जागा ठेवतात. तेथून झोत आपल्याबरोबर भोवतालची हवा ओढून नेतो आणि विमानाचे पोट थंड राहते. ही फट बुजवली किंवा नळी तिरकी बसली, तर लाकूड आणि फायबर जळायला वेळ लागत नाही. इंधनाच्या नळ्या आणि विजेच्या तारा उष्ण भागापासून दूर नेऊन बांधाव्यात.

इंधनाच्या वाटेवर गाळणी हवीच. मुख्य टाकी आणि पंप यांच्यामध्ये आणखी एक छोटी टाकी बसवतात. तिचे काम बुडबुडे अडवण्याचे. ज्वलनकक्षात क्षणभर जरी इंधनाऐवजी हवा पोहोचली, तरी ज्योत विझते आणि विमान आकाशात एंजिनाविना राहते. मुख्य टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवतात, म्हणजे इंधन संपत गेले तरी तोल फारसा बदलत नाही.

रॉकेलमध्ये सुमारे ५ टक्के टर्बाइनचे तेल मिसळतात. लिटरमागे ५० मिलिलिटर. या मिश्रणाचा थोडा भाग बेअरिंगांकडे वळवलेला असतो व तेच त्यांचे वंगण. तेल घालायचे विसरले, तर एंजिन चालू होईल खरे. पण बेअरिंगे थोड्याच वेळात निकामी होतील.

सुरू करताना

जागा मोकळी हवी. शेपटीमागे वाळलेले गवत नको, कारण झोत ते पेटवू शकतो. कानांवर रक्षक चढवावेत. कार्बन डाय-ऑक्साइडचे अग्निशामक नळकांडे हाताशी असल्याशिवाय कळ दाबू नये. भुकटीचे नळकांडे का नको? कार्बन डाय-ऑक्साइड वायू उडून जातो. भुकटी बेअरिंगांत जाऊन बसते.

सुरुवातीचा क्रम एक छोटा संगणक सांभाळतो. तो विजेच्या मोटरने आस फिरवतो, तापलेल्या तारेने ज्योत पेटवतो, मग पंपाने हळूहळू इंधन वाढवतो. एंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागले की मोटर सुटते. आधी हवा आणि मग ज्योत, हा क्रम उलटा का चालत नाही? आत घेतलेल्या हवेपैकी साधारण तीन दशांश हवाच रॉकेल जाळण्याच्या कामी येते. बाकीची हवा केवळ थंडाव्यासाठी असते. हवेचा प्रवाह नसताना ज्योत लागली, तर टर्बाइनची पाती तापून कमकुवत होतील. आणि मघाचे ते प्रचंड बल त्याच पात्यांना पेलायचे आहे.

एखादे वेळी एंजिन पेटत नाही आणि इंधन आतच साचते. अशा वेळी घाईने पुन्हा कळ दाबणे म्हणजे आगीला आमंत्रण. साचलेले रॉकेल एकदम पेटून शेपटीतून ज्वाळा निघतात. योग्य रीत अशी : सर्व बंद करावे, विमानाचे नाक वर करून शेपटीवाटे इंधन निथळू द्यावे, ते पुसून घ्यावे, कारण शोधावे आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.

उड्डाणापूर्वी आणखी एक परीक्षा असते. रेडिओ-संदेश तुटला तर संगणक एंजिन आपोआप बंद करतो की नाही, हे जमिनीवर प्रेषक बंद करून पाहतात. संदेश तुटलेले विमान आपल्या हातात नसते. निदान त्याला रेटा तरी मिळू नये.

बंद करताना

इंधन थांबले की झोत थांबतो. पण तापलेल्या टर्बाइनमधील उष्णता कोठे जाणार? वाहती हवा नसल्यामुळे ती आसावाटे बेअरिंगांकडे सरकते आणि तेथील तेल करपते. म्हणून संगणक मोटरने आस फिरवून तापमान साधारण १०० अंशांखाली येईपर्यंत आत थंड हवा खेळवतो. तोवर विजेचा पुरवठा तोडू नये, टाकीत इंधन भरू नये आणि शेपटीला हात लावू नये.

तुम्ही काय करावे?

टर्बाइन घरी बनवण्याचा किंवा एकट्याने चालवण्याचा विचारही करू नका. या वाटेला क्रम आहे. आधी बिनएंजिनाचे ग्लायडर, मग विजेच्या मोटरचे विमान आणि पुष्कळ सरावानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली टर्बाइन. एन.सी.सी.च्या हवाई शाखेत विमानांची मॉडेले बनवण्याचे शिक्षण मिळते. शाळेत ती शाखा असेल तर तेथून सुरुवात करा. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग पाडले आहेत. मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यातच उडवावे लागते. मैदान निवडण्यापूर्वी ते कोणत्या रंगात येते, हे शिक्षकांच्या मदतीने पाहून घ्या.

सोडवून पाहा

१. चाकाचा व्यास ६६ ऐवजी ३३ मिलिमीटर असेल, तर कडेचा वेग ४१५ मीटर प्रति सेकंद राखण्यासाठी मिनिटाला किती फेरे लागतील?

२. मंद गतीत फेरे पूर्ण गतीच्या एक तृतीयांश असतात. तेव्हा कडेवरील एक ग्रॅम धातूला किती अभिकेंद्री बल लागेल?

३. टाकीत तीन लिटर इंधन आहे. पूर्ण रेट्यावर ते किती मिनिटे पुरेल? मग अनुभवी चालक सहाव्या मिनिटालाच विमान का उतरवतो, याची दोन कारणे वर्गात चर्चा करून लिहा.