ग्लव्हज माळ्यावर टाकू नकोस

चि. बाळ,


नाशिकच्या अकादमीतून बाहेर पडून तू ठाण्यात रुजू झालीस. खांद्यावर दोन तारे लागले. आईने पेढे आणून दिले आणि जाता जाता म्हणाली, ‘ग्लव्हज, बॅट सगळं माळ्यावर टाकलंय तिने. आता कुठला आलाय वेळ!’ ते ऐकल्यापासून तुझ्या सरांना चैन नाही, म्हणून हे पत्र.

आपल्या मैदानावरचे फौजदारकाका तू पाहिलेस ते अंपायर म्हणून. डोक्यावर निळी टोपी, कंबरेला ब्रश. बॅटर बदलला की मैदानाकडे पाठ करून, वाकून होमप्लेट झाडायचे. ते शॉर्टस्टॉपला कसे खेळायचे, हे तुझ्या पिढीला ठाऊक असायचं कारण नाही. शिपाई म्हणून भरती झाले तेव्हा रात्रपाळी संपवून, गणवेश बदलून थेट मैदानावर येत. डोळे लाल, पण जमिनीलगत आलेला चेंडू सुटत नसे. पुढे बदल्या सुरू झाल्या. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवी वसाहत. सॉफ्टबॉल हा शब्दही तिथे कुणी ऐकलेला नसायचा. ते पहिल्या महिन्यात ठाण्याची हद्द समजून घेत आणि दुसऱ्या महिन्यात मुख्यालयाच्या परेड ग्राउंडच्या कोपऱ्यात फक्कीने डायमंड आखत. दोन बेसमध्ये साठ फूट, पिचरच्या पट्टीपासून होमप्लेट मुलींसाठी त्रेचाळीस फूट. टेप नसेल तर दोरीला गाठी मारून मोजत. जमवलेली मुलं हवालदार-शिपायांचीच असत. ग्लव्हज पाच-सहा, ते पाळीपाळीने घालायचे.

बदली झाली की खेळ सुटतो, असं सगळे म्हणतात. या माणसाच्या बाबतीत उलट झालं. प्रत्येक बदलीबरोबर खेळ एका नव्या गावात पोचला.

तुला गंमत वाटेल, सॉफ्टबॉलचा जन्मच असा आहे. 1887 साली नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. कुणीतरी मुष्टियुद्धाचा जुना ग्लव्ह फेकला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हँकॉक या वार्ताहराने त्यातून छताखाली खेळायचा बेसबॉल तयार केला. ही गोष्ट पुस्तकांत सापडते आणि तिच्यावरच लोक थांबतात. तुझ्यासाठी मोलाचा आहे तो पुढचा माणूस. मिनीॲपोलिस शहराच्या अग्निशमन दलातला अधिकारी, लुईस रोबर. आगीची घंटा होईपर्यंत जवान ठाण्यात बसून असत. बसून बसून अंग जड होतं, मन त्याहून जड. 1895 मध्ये रोबरने ठाण्याशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांना खेळायला उतरवलं. व्यायामाचा लहान मेडिसिन बॉल, बारीक बॅट, आणि पस्तीस फुटांवरून चेंडू टाकायचा. घंटा वाजली की सगळं टाकून गाडीवर चढता यावं, एवढ्या जागेत मावणारा खेळ. पुढे रोबरची दुसऱ्या ठाण्यात बदली झाली. तिथे त्याने नवा संघ उभा केला, त्याचं नाव ‘किटन्स’. त्यावरून कितीतरी वर्षं या खेळाला लोक ‘किटनबॉल’च म्हणत. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव 1926 सालचं, वायएमसीएच्या वॉल्टर हाकनसनने सुचवलेलं.

म्हणजे बघ, गणवेशातल्या माणसांनी ड्यूटीच्या फटींत हा खेळ वाढवला आहे. ड्यूटीमुळे खेळता येत नाही, हे तुझं म्हणणं खरं असेलही. पण हा खेळ ड्यूटीवरच्या माणसांसाठीच घडला, हेही तेवढंच खरं.

आपल्या देशात तो आला तोही हौशी माणसांच्या खांद्यावर. 1961 साली जोधपूरला दशरथमल मेहतांनी भारतीय सॉफ्टबॉल संघटना स्थापन केली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा तिथेच 1967 मध्ये भरली. पुढे महाराष्ट्राच्या शाळा-कॉलेजांतून खेळ रुजला तो रविवारच्या सुट्टीवर पाणी सोडणाऱ्या शिक्षकांमुळे आणि नोकरदारांमुळे. या खेळात पैसा नाही, तू ते जाणतेस. तुझ्या भरतीच्या वेळी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा विषय घरात निघाला होता. तू खुल्या यादीत बसलीस, याचा तुझ्या सरांना अभिमान आहे. पण म्हणून खेळाचं देणं फिटलं असं समजू नकोस.

नोकरी आणि खेळ दोन्ही कसे सांभाळावेत, याचं एक उदाहरण लक्षात ठेव. डॉट रिचर्डसन ही अमेरिकेची शॉर्टस्टॉप. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल प्रथमच आला, तेव्हा ती अस्थिरोगतज्ज्ञ होण्यासाठी इस्पितळात शिकत होती. तेवढ्यापुरती रजा घेऊन आली. चीनविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिच्या होमरनने दोन धावा मिळाल्या, अमेरिका 3-1 अशी जिंकली, आणि ती पुन्हा इस्पितळात हजर झाली. वय चौतीस! तू चोवीसची आहेस.

जपानची युकिको उएनो तर तू यूट्यूबवर पाहिलेली आहेसच. 2008 ला बीजिंगमध्ये दोन दिवसांत तीन सामने आणि 413 चेंडू टाकून तिने सुवर्णपदक आणलं. त्यानंतर ऑलिंपिकमधून खेळच वगळला गेला. ती थांबली नाही, कंपनीच्या संघाकडून खेळत राहिली. 2021 मध्ये टोकियोत खेळ परतला तेव्हा एकोणचाळिसाव्या वर्षी अंतिम सामन्यात तीच पिचिंगला होती, आणि जपानने अमेरिकेला 2-0 असं हरवलं. तेरा वर्षं ऑलिंपिकमध्ये हा खेळच नसताना रोज सकाळी उठून तिने हात फिरवला असेल, तो कशाच्या बळावर? याचा विचार कर.

आता फौजदारकाकांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. सतरा वर्षांखालील मुलींचा जिल्ह्याचा अंतिम सामना. सातवी इनिंग, एका धावेचा फरक. तिसऱ्या बेसवरची मुलगी होमकडे धावली, चेंडू आला, कॅचरने टॅग केलं, धूळ उडाली. काकांनी मूठ वर केली: आउट. सामना संपला. जिंकलेल्या मुली पोलीस वसाहतीतल्या, काकांनीच हाताला धरून शिकवलेल्या. त्या नाचत आत आल्या. पण काकांची नजर पहिल्या बेसजवळच्या अंपायरकडे गेली, आणि तो जागचा हलत नव्हता. काकांनी मुलींना थांबवलं, त्याला बाजूला घेतलं, खेळाडूंना ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. त्याने जे दिसलं ते सांगितलं: चेंडू कॅचरच्या ग्लव्हमधून निसटून तिच्या गुडघ्यामागे पडला होता, धुळीत काकांना तो दिसलाच नव्हता. काका परत प्लेटशी आले आणि दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. पालक ओरडले, एकाने शिवीही दिली. सामना पुढे गेला आणि वसाहतीच्या मुली हरल्या.

त्या संध्याकाळी त्याच मुलींना घेऊन काका उसाचा रस प्यायला गेले. निर्णयाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सराव होता. सगळ्या आल्या.

तुला ठाण्यात रोज असे प्रसंग येतील. पाहिलेलं आणि घडलेलं यांत अंतर पडतं. दुसऱ्याला विचारायची आणि आपला शब्द चार माणसांत मागे घ्यायची सवय वर्गात बसून लागत नाही. काकांना ती प्लेटमागे उभं राहून लागली, असं तुझ्या सरांचं ठाम मत आहे.

गुडघा गेल्यावर काका स्कोअररच्या टेबलावर बसू लागले. त्यांची वही पाहिली आहेस? स्टेशन डायरीसारखी. शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसकडे, तिथून फर्स्टकडे चेंडू जाऊन दोघी बाद झाल्या की 6-4-3. तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिलेल्या बॅटरला उलटा ‘के’. वीस वर्षांपूर्वीचा सामना त्या पानांवरून आज चेंडूगणिक उभा करता येतो. पंचनामा लिहिताना तुझा हात अडखळतो, असं तू मागे म्हणाली होतीस. पाहिलं तेवढंच, ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहायचं, हा सराव या वहीत फुकट होतो.

गणपती, निवडणुका, नाकाबंदी यांत तुझे महिने जातील, हे मान्य. तेव्हा खेळू नकोस. बंदोबस्तावरून आल्यावर झोप आधी, मैदान नंतर. काकांनी तरुणपणी झोपेची हेळसांड केली ती तू करू नकोस. पण साप्ताहिक सुट्टी मिळेल त्या दिवशी दोन तास ठेव. पोलीस आणि अग्निशमन दलांच्या जागतिक स्पर्धा 1985 पासून होतात, पहिल्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला झाल्या. त्यांत सॉफ्टबॉल असतो, आणि निवृत्तांनाही भाग घेता येतो. 2029 चं यजमानपद गुजरातला मिळालं आहे. शेजारचंच राज्य. तोवर तुझा खांदा शाबूत राहायला हवा.

ग्लव्हज माळ्यावरून काढ. चामडं कडक झालं असेल, हलका तेलाचा हात फिरव, खोलगट भागात चेंडू ठेवून दोरीने बांध आणि दोन रात्री गादीखाली दाब.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता चौदा वर्षांखालील मुलींचा सामना आहे. काकांच्या डोळ्याचा मोतिबिंदू काढलाय, त्यामुळे स्कोअरर नाही. वही त्यांच्याकडून आणून ठेवली आहे. येताना पेन्सिल आणि खोडरबर आण. काका पेनने लिहू देत नाहीत.

तुझे
सर