कंपवाताचे औषध आणि त्याच्या नव्या वाटा

वखारीत माल असणे वेगळे आणि तो वेळेवर गिऱ्हाइकाच्या दारी पोहोचणे वेगळे, हे आपणां व्यापाऱ्यांस सांगावयास नको. कंपवाताच्या औषधाची अडचण नेमकी हीच आहे. म्हणून वैद्यक हा आमचा प्रांत नसताही आम्ही हा विषय घेतला आहे.

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी पडू लागते. मग हात कापतो, अंग ताठते, पाऊल अडखळते आणि वहीतील अक्षर ओळीगणिक बारीक होत जाते. डोपामिन बाहेरून दिल्यास मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते व तेथे त्याचे डोपामिन होते. हे द्रव्य कडधान्याच्या कुळातले आहे, हे आम्हां धान्यवाल्यांस विशेष! १९१३ साली ते बाकल्यातून व १९३७ साली मद्रासेस दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुहिलीच्या बियांतून वेगळे काढले. हीच बी आपल्या सुरतेत कौंचा म्हणून विकली जाते. परंतु प्रत्येक बियाण्यात द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, तेव्हा गोळीच्या जागी चूर्ण परस्पर सुरू करणे आम्हांस धोक्याचे वाटते.

गोळीचा मार्ग लांबचा आहे. ती जठरातून पुढे सरकून लहान आतड्यात गेल्यावरच रक्तात उतरते, आणि या रोगात जठरच मंदावते. शिवाय डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिने त्याच दारातून आत शिरू पाहतात व औषध मागे राहते. त्यामुळे जेवणापूर्वी अर्धा तास गोळी घेण्यास सांगतात. रक्तातील औषध थोड्या तासांत ओसरते. जुन्या रोग्याचे शरीर त्यासरशी पुन्हा ताठते.

यावर नव्या वाटा निघाल्या. पोटास छिद्र पाडून नळीवाटे पंपाने थेट लहान आतड्यात औषधाचा लगदा सोडतात. २०१८ साली अमेरिकेत श्वासावाटे ओढावयाच्या लेव्होडोपास मान्यता मिळाली. ते गोळीच्या जोडीस, मध्येच अंग ताठल्यास घ्यावयाचे. २०२४ साली तेथेच कातडीखाली बारीक सुईने चोवीस तास औषध देणारा पंप मान्य झाला. रोटिगोटिनची चकती कातडीवर दिवसभर चिकटवितात. मात्र ते औषधच निराळे, चकती लावली म्हणून गोळी सुटते असे नव्हे. यातील प्रत्येक वाट सर्वत्र उपलब्ध नाही, आणि पंपाचा खर्च सामान्य कुटुंबास झेपणारा नाही.

आपल्या घरांत याचा खरा प्रश्न चौविहाराच्या वेळी येतो. सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत तोंडात पाणीही नाही, म्हणजे बहुधा बारा तासांहून अधिक काळ गोळी नाही. पहाटे वडीलधाऱ्यांस कूसही बदलता येत नाही. अठ्ठाईत तर दिवसाच्याही गोळ्या सुटतात. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास तीव्र ज्वर येऊन शरीर लाकडासारखे ताठू शकते व जीवावर बेतते. तेव्हा पच्चक्खाण घेण्यापूर्वीच डॉक्टरांस व महाराजसाहेबांस दोघांसही विचारावे. चकती वा कातडीखालचा पंप मुखावाटे जात नाही, हे विचारताना सांगावे. आणि रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आल्यास गोळीच्या तासांची चिठ्ठी परिचारिकेच्या हाती द्यावी. इतर पुष्कळ औषधे अर्धा तास मागेपुढे चालतात, हे चालत नाही.