विस्सेन : ‘गाईड’च्या आधीचा गाईड

आपल्या कॉलेजात ‘गाईड’ हा शब्द दिवसातून किती वेळा कानावर पडतो ते एकदा मोजून बघा. ‘गाईडची सही राहिली’, ‘गाईड केबिनमध्ये नाहीत’, ‘गाईड म्हणतात टॉपिक बदला’. शाळेत होतो तेव्हा गाईड म्हणजे प्रश्नोत्तरांचं जाडजूड पुस्तक. इथे आल्यावर त्याचा हाडामांसाचा माणूस झाला, एवढाच काय तो फरक. हा शब्द इतका अंगवळणी पडलाय की इंग्रजीत तो उपरा आहे असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसणार नाही. पण आहे. सव्वासहाशे-साडेसहाशे वर्षांपूर्वी तो फ्रेंचमधून तिथे आला. त्याच्या आधी ते काम करणारं एक अस्सल देशी क्रियापद इंग्रजांकडे होतं : ‘विस्सेन’. आज पॉकेट डिक्शनरीत शोधाल तर मिळणार नाही. हा लेख त्या मेलेल्या क्रियापदाबद्दल आहे.

मी मेकॅनिकलचा. भाषाशास्त्राशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण पुढेमागे एम.एस.ला उपयोग होईल म्हणून जर्मनचा क्लास लावला आणि तिथे दोन क्रियापदं भेटली. ‘विस्सेन’ म्हणजे माहीत असणे, आणि ‘वाइझेन’ म्हणजे दाखवणे, वाट दाखवणे. जर्मनीत रस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीला ‘वेगवाइझर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः वाट दाखवणारा. दोन्ही क्रियापदं इतकी जवळची कशी, म्हणून शोधत गेलो आणि जुन्या इंग्रजीत जाऊन पोहोचलो. (इथे एक सावधगिरी. जर्मन ‘विस्सेन’ म्हणजे जाणणे, आणि मध्ययुगीन इंग्रजी ‘विस्सेन’ म्हणजे वाट दाखवणे. उच्चार एक, अर्थ वेगळे. आपलं काम दुसऱ्याशी आहे.)

यासाठी जो कोश लागतो तो अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने केलेला मध्ययुगीन इंग्रजीचा कोश. त्याचे भाग 1952 साली छापायला सुरुवात झाली आणि शेवटचा भाग 2001 साली निघाला. चार वर्षांची डिग्री सहा वर्षं चालली म्हणून घरी बोलणी खाणाऱ्या मित्रांनी ही नोंद जपून ठेवावी. आता तो सगळा कोश इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात ‘विस्सेन’खाली अर्थांची रांगच लागते : वाट दाखवणे, शिकवणे, सल्ला देणे, राज्य चालवणे, आणि देवाच्या बाबतीत सांभाळणे. म्हणजे आज आपण ज्याला गाईड, टीचर, मंत्री, राजा आणि देव अशी पाच वेगळी खाती देऊ, ती सगळी एकाच शब्दाकडे होती.

हे कसं झालं ते कळायला शब्दाचं मूळ बघावं लागतं. जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण 1100 सालापर्यंतच्या भाषेत, त्याची रूपं ‘वीसिअन’ आणि ‘विस्सिअन’ अशी होती. त्यातला ‘वीस’ म्हणजे आजचा ‘वाइज’, शहाणा. तेव्हा ‘वीसिअन’चा सरळ अर्थ शहाणं करणे, जाणतं करणे. आणि हा ‘वाइज’ ज्या धातूपासून निघतो तो आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतातला ‘विद्’ तो हाच. वेद, विद्या, विद्वान हे सगळे त्याच घरचे. लॅटिनमध्ये तो गेला तिथे ‘विडेरे’ म्हणजे पाहणे झाला, त्यातून व्हिडिओ आणि व्हिजन आले. ग्रीकमध्ये त्यातूनच ‘आयडिया’ आली. मुळात अर्थ होता पाहणे. ‘मी पाहिलंय’ म्हणजेच ‘मला माहीत आहे’, अशी उडी आपल्या सगळ्या पूर्वजांनी एकदा घेतली आणि पाहण्याच्या धातूला जाणण्याचा अर्थ चिकटला.

म्हणजे विस्सेन करणारा माणूस तुम्हाला ओढून नेत नाही. तो तुम्हाला दिसेल असं करतो. याउलट ‘लीड’ हा शब्द घ्या. तोही जुनाच, पण मूळ अर्थ ‘जायला लावणे’. आपलं मार्गदर्शन इथे लीडपेक्षा विस्सेनच्या जवळचं आहे, कारण त्यातही नेणं नाही, दर्शन आहे. (जाता जाता : जुन्या इंग्रजीत ‘मला माहीत आहे’ याला ‘वाट’ म्हणत! पण आपल्या ‘वाट’शी त्याचं काही नातं नाही. आपली वाट संस्कृत ‘वर्त्मन्’पासून आली. असली जुळणी बघून लगेच थिअरी मांडणारे लोक मेसमध्ये रोज भेटतात, म्हणून सांगून ठेवतो.)

कोशातल्या अर्थापेक्षा शब्द वापरात कसा होता हे बघायला मला जास्त मजा आली. ‘बेवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं सगळ्यात प्रसिद्ध काव्य. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे, साधारण इसवी सन 1000 च्या आसपासची. त्यात बेवुल्फ आपल्या माणसांसह डेन लोकांच्या किनाऱ्यावर उतरतो तेव्हा तिथला पहारेकरी त्यांना अडवतो, विचारपूस करतो, आणि खात्री पटल्यावर राजवाड्याची वाट दाखवायचं कबूल करतो. तिथे क्रियापद येतं ते हेच, ‘वीसिअन’. पुढचं वागणं बघण्यासारखं आहे. तो त्यांच्याबरोबर जातो, पण राजवाड्यापर्यंत नाही. सोन्याने मढवलेलं छप्पर दिसू लागतं तिथे थांबतो, बोट करून दाखवतो, शुभेच्छा देतो आणि समुद्रावरच्या आपल्या ड्युटीवर परत जातो. दिसलं, आता तुमचे तुम्ही जा.

दुसरं उदाहरण पुस्तकाच्या नावातच आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या पश्चिम भागात ‘आन्क्रेने विस्से’ नावाचा ग्रंथ लिहिला गेला. चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला आयुष्यभर कोंडून घेऊन प्रार्थना करणाऱ्या स्त्रिया तेव्हा असत. त्यांच्यासाठी लिहिलेला हा ‘विस्से’, म्हणजे मार्गदर्शक. मुळात तो तीन सख्ख्या बहिणींसाठी लिहिला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले टॉल्किन प्राध्यापक म्हणून याच ग्रंथाच्या भाषेवर काम करत. त्यांचा त्यावरचा गाजलेला निबंध 1929 चा आणि त्यांनी संपादित केलेली प्रत 1962 ची. हॉबिट आणि एल्फ लिहिणारा माणूस मधल्या काळात हे करत होता, हे आमच्या विंगमधल्या टॉल्किनभक्तांनाही माहीत नव्हतं.

ग्रंथात आठ भाग आहेत. लेखक पहिल्यांदाच सांगून टाकतो की नियम दोन प्रकारचे : आतला, मनाचा, आणि बाहेरचा, खाण्यापिण्याचा, कपड्यांचा, उठण्याबसण्याचा. आतला सगळ्यांना सारखा आणि न बदलणारा. बाहेरचा माणसागणिक बदलू शकतो, आतल्याची चाकरी करणं एवढंच त्याचं काम. होस्टेलच्या नियमावलीत हा भेद कोणी केलेला मी पाहिला नाही, पण ते असो. शेवटच्या भागात बारीकसारीक सूचना आहेत आणि त्या वाचताना लेखक किती अनुभवी होता ते कळतं. जनावर पाळू नका, फक्त एक मांजर चालेल. गाय तर, अगदीच नड असल्याशिवाय आणि सल्ला घेतल्याशिवाय, नकोच. कारण मग चाऱ्याची काळजी आली, राखणदाराची मनधरणी आली, गाय कोंडवाड्यात गेली की शिव्याशाप आले आणि वर नुकसानभरपाई आली. नुसतं ‘मनाई आहे’ असं तो म्हणत नाही. पुढे काय काय होईल ते दाखवतो. मला वाटतं, ‘विस्से’ हे नाव या ग्रंथाला शोभतं ते यासाठी.

आता तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चौदाव्या शतकात विल्यम लँगलंडने ‘पिअर्स प्लाउमन’ हे काव्य लिहिलं. त्याचा सगळ्यात जास्त वाचला जाणारा पाठ 1370 च्या दशकाच्या शेवटाचा. त्यात लोकांचा एक मोठा जमाव ‘सत्य’ नावाच्या कोणाच्या तरी शोधात निघतो. वाट कोणालाच ठाऊक नाही. वाटेत एक यात्रेकरू भेटतो. टोपीवर, अंगावर ठिकठिकाणच्या तीर्थांचे बिल्ले आणि खुणा. सिनाई झालं, बेथलेहेम झालं, अलेक्झांड्रिया झालं. लोक त्याला विचारतात, सत्याच्या घरची वाट आम्हाला दाखवशील का? इथे क्रियापद ‘विस्सेन’. तो चकित होतो. म्हणतो, इतकी वर्षं फिरतोय, पण या सत्याबद्दल विचारणारा यात्रेकरू आजवर भेटला नाही! सगळी सर्टिफिकेटं आहेत, पण वाट माहीत नाही. तेवढ्यात गर्दीतून एक साधा नांगऱ्या डोकं वर काढतो. तो पिअर्स. म्हणतो, मी ओळखतो त्याला, त्याच्याच शेतावर राबलोय. आणि तो वाट सांगतो. कुठला ओढा, कुठला पूल, कुठे वळायचं, सगळं.

वाट ऐकून लोक काय म्हणतात? ही तर फार अवघड वाट, पावलोपावली सोबत येणारा कोणी असल्याशिवाय जमणार नाही. आणि या ‘सोबत येणाऱ्या’साठी लँगलंड जो शब्द वापरतो तो ‘विस्सेन’पासून केलेला नाही. तो नुकताच आलेला फ्रेंच पाहुणा आहे : ‘गाईड’! एकाच काव्यात, थोड्याच ओळींच्या अंतरावर, जुना आणि नवा शब्द शेजारी शेजारी उभे आहेत आणि त्यांची कामंही वेगळी पडली आहेत. एक वाट दाखवतो, दुसऱ्याने बरोबर चालायचं आहे. पिअर्स यावर जे उत्तर देतो ते ऐकून मला आपले प्रोजेक्ट गाईडच आठवले. तो म्हणतो, येईन की, पण आधी माझं अर्धा एकर नांगरून पेरून होऊ दे. आणि सगळ्या जमावाला शेतावर कामाला लावतो.

फायनल इयरला आपली जी भांडणं होतात ती मला या दोन शब्दांतली वाटतात. विद्यार्थ्याला ‘गाईड’ हवा असतो, तोही लँगलंडच्या अर्थाने, पावलोपावली. सरांच्या मनात असतं बेवुल्फच्या पहारेकऱ्यासारखं : छप्पर दिसेपर्यंत येतो, मग मला माझी ड्युटी आहे. दोघंही खोटं बोलत नसतात. फक्त छप्पर दिसलं की नाही, हे आपण सरांना सांगत नाही आणि सर विचारत नाहीत. मग व्हायवाच्या आदल्या रात्री सगळी विंग जागी!

विस्सेनला काळी बाजूही होती. चॉसरच्या ‘कॅंटरबरी टेल्स’मध्ये एका चर्चच्या वसुली करणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. लोकांना खोट्या समन्सची भीती घालून पैसे उकळणारा. त्याला रस्त्यात हिरव्या कपड्यातला एक धनुर्धारी भेटतो. गट्टी जमते, भाऊ भाऊ होतात. हा विचारतो, तुझं घर कुठे, कधी आलो तर? तो म्हणतो, लांब उत्तरेला, पण निघण्याआधी तुला वाट अशी दाखवून ठेवीन की घर चुकणार नाही. क्रियापद पुन्हा ‘विस्सेन’. धनुर्धारी म्हणजे सैतान, आणि घर म्हणजे नरक. पुढे हा एका म्हाताऱ्या विधवेकडे बारा पेन्स मागतो, तिचा तवा उचलून न्यायची धमकी देतो. ती मनापासून म्हणते, सैतान नेवो तुला आणि तव्याला. पश्चात्ताप करशील तर सुटशील, एवढी सवलतही देते. तो नकार देतो, आणि सैतान शब्दाला जागतो. चॉसर 1400 साली वारला. म्हणजे तोवर तरी शब्द लंडनमध्ये सहज कळत होता.

मग गेला कुठे? 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबार, कोर्ट फ्रेंचमध्ये चालू लागले हे कारण नेहमीचं. पण मला दुसरंही दिसतं. ‘खचित’ या अर्थाचा ‘इविस’, ‘माहीत होतं’ या अर्थाचा ‘विस्ते’ आणि ‘वाट दाखवणे’ हा ‘विस्से’, एका आवाजात इतकी गर्दी झाली की ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. त्या ‘इविस’चे तर पुढे लोकांनी दोन तुकडे केले आणि ‘आय विस’ म्हणजे ‘मला ठाऊक आहे’ असं समजून लिहू लागले.

गंमत अशी की ज्याने विस्सेनची जागा घेतली तो ‘गाईड’ही त्याचाच नातलग निघाला. जर्मन वंशाच्या फ्रँक टोळ्या फ्रान्समध्ये शिरल्या तेव्हा आपले शब्द घेऊन गेल्या. फ्रेंच जिभेने त्यांच्या ‘व’चा ‘ग’ केला. फ्रँकांचा ‘वितान’सारखा उच्चार असलेला, याच ‘विद्’च्या कुळातला शब्द तिथे आधी ‘गिएर’ झाला आणि नंतर ‘गिदेर’ झाला. पहिलं रूप इंग्रजीत ‘गीएन’ म्हणून आलं आणि विरलं. दुसरं ‘गाईड’ म्हणून राहिलं. ही व-ग अदलाबदल इंग्रजीत जागोजागी आहे : वॉर्डन आणि गार्डियन, वाइज आणि गाइज, आणि नवीन टेबलफॅन घेताना ज्यांच्यावरून दुकानदाराशी वाद होतो ते वॉरंटी आणि गॅरंटी. नॉर्मनांनी ‘व’ जपला, बाकीच्यांनी ‘ग’ केला, आणि इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले. आपल्या होस्टेलचे वॉर्डन आणि फॉर्मवरचा गार्डियन हे एकाच शब्दाचे दोन जुळे आहेत, हे रेक्टरांना सांगून बघायला हरकत नाही.

विस्सेन प्रमाण इंग्रजीतून गेलं, पण ‘वाइज’ची एक बहीण आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये रोज असते. ‘पद्धत’ या अर्थाचा जुना ‘वीसे’ हाही त्याच कुळातला, आणि तो आज ‘क्लॉकवाइज’च्या शेपटीत आहे. क्रियापद म्हणून मात्र ‘वीसिअन’चा वंश टिकला तो स्कॉटलंडच्या बोलीत, ‘वाइज’ किंवा ‘वीझ’ अशा रूपात. तिथे मेंढपाळाने मेंढ्यांना न ओरडता, न मारता, हळूच हव्या त्या फाटकाकडे वळवणं, याला तो शब्द वापरतात.