ताटात भाजी, कॅमेऱ्यात माणूस

मी शाकाहारी, सासर वेंगुर्ल्याचं. घरात तवे दोन, सुऱ्या दोन, आणि सोमवार-गुरुवार-शनिवारचं गणित सगळ्यांना तोंडपाठ. इतक्या वर्षांत ताटावरून वाजलं असेल तर ते मीठ जास्त पडल्यावरून. टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये मात्र शाकाहारी माणूस आला की तो एक तर संत असतो, नाही तर कटकट. साधा स्वयंपाकी म्हणून त्याच्याकडे क्वचितच कोणी बघतं. या कार्यक्रमांवर लिहिणं हे बरीच वर्षं माझं काम आहे, आणि मध्ये काही काळ एका पाककला स्पर्धेच्या पडद्यामागच्या स्वयंपाकघरात राबलेही आहे. त्यातून जे शहाणपण आलं ते आठवेल तसं मांडते.

१. भाजी कच्ची राहिली म्हणून कोणी घरी जात नाही

या सगळ्या कार्यक्रमांचं इंजिन भीतीवर चालतं. कोंबडीचा तुकडा कापला, आत गुलाबी निघाला, परीक्षकाने काटा खाली ठेवला, संगीत थांबलं. स्पर्धकाचा चेहरा पडला. यात समजावून सांगण्यासारखं काही नाही, घरबसल्या पोरालाही कळतं. माशाची साल तव्याला चिकटली तरी तेच. आता दोडका जरा जास्त शिजला, मेथी कडसर लागली, आमटीत गूळ एक खडा जास्त पडला, हे पडद्यावर दिसणार कसं? ते जिभेचं काम.

संकलनाच्या खोलीत भरल्या वांग्यांचं चित्रीकरण बघताना संकलक मला म्हणाला होता, “ताई, यात घडतंय काय?” त्याचंही खरंच होतं. झाकण, झाकणावर पाणी, वाफ, पुन्हा झाकण. चांगल्या भरल्या वांग्यांत घडायचं ते सगळं झाकणाखाली घडतं. मग दुसऱ्या दिवशी ती वांगी करणाऱ्या स्पर्धक बाईंना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि आजीची आठवण सांगायला लावली. बाईंनी सांगितली, डोळे पुसले, भाग गाजला. वांग्यांत दाण्याचं कूट आणि खोबरं किती, गोडा मसाला कधी पडला, यातलं एक अक्षर त्यात आलं नाही.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीशी येऊन थांबतं. ताटात नाट्य दिसत नाही म्हणून ते माणसातून काढतात. मटण करणाऱ्याच्या वाट्याला तंत्राचं कौतुक येतं आणि भाजी करणाऱ्याच्या वाट्याला संस्कारांचं. ज्याला त्याच्या हाताबद्दल बोलायला हवं, त्याच्याशी त्याच्या घराण्याबद्दल बोलतात.

२. साठ मिनिटांच्या घड्याळात बिरडं बसत नाही

कडवे वाल रात्री भिजत घालायचे. सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायचे, मोड यायला आणखी एक दिवस द्यायचा. मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, आणि तो सोलताना डाळिंबी फुटता कामा नये. एवढं झाल्यावर चूल पेटते. पुढचं काम अर्ध्या तासाचं: फोडणी, ओलं खोबरं, आमसूल, गूळ. म्हणजे बिरड्याचं कसब नव्वद टक्के घड्याळ सुरू होण्याआधीच संपलेलं असतं.

आपल्या शाकाहारी स्वयंपाकाचा जीव अशा आधीच्या कामात आहे. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं, वाटणं, उन्हात वाळवणं. सांडगे, कुरडया, मेतकूट, गोडा मसाला, यातलं काहीही ‘तुमची वेळ सुरू होतेय आता’ म्हटल्यावर करता येत नाही. मासा दहा मिनिटांत होतो, मटण कुकरला अर्ध्या तासात शिजतं. भाजीवाल्याने मग काय करावं? तो पनीर उचलतो. पनीर चटकन परततं, आकार धरतं, वरून चार हिरवी पानं ठेवली की दिसायलाही बरं. माझ्या लहानपणी आमच्याकडे पनीर लग्नाच्या पंगतीतही नसायचं. पण टीव्ही बघून परगावच्या माणसाला वाटेल की महाराष्ट्रातले शाकाहारी जन्मतःच पनीर खातात.

३. नियम मध्येच वाकवला की शिव्या ताटाला बसतात

२०२३ च्या सुरुवातीला ‘मास्टरशेफ इंडिया’च्या सातव्या पर्वात माशाची फेरी आली. अरुणा विजय ही चेन्नईची शाकाहारी स्पर्धक. तिला माशाऐवजी पनीर वापरण्याची मुभा दिली गेली आणि समाजमाध्यमांवर लोक तुटून पडले. पक्षपात, लाड, ढोंग, सगळे शब्द वापरून झाले. मला त्या फेरीचा राग आला, पण त्या बाईचा नाही. ती शाकाहारी आहे हे निवड करताना ठाऊक होतंच. तिला घ्यायचं ठरवलं तेव्हाच माशाच्या दिवशी काय करायचं हे ठरवून जाहीर करता आलं असतं. तसं केलं असतं तर वाद झाला नसता, आणि वाद झाला नसता तर चर्चाही झाली नसती. यापुढचं वाचकांनी समजून घ्यावं.

४. न चाखता शिजवणं ही कमीपणाची गोष्ट नाही

अमेरिकेच्या ‘मास्टरशेफ’मध्ये २०१५ साली हेतल वसावडा होती. स्वतः शाकाहारी, तरी तिथे मांसाचे पदार्थ शिजवले. पुढे तिने ‘मिल्क अँड कार्डमम’ हे भारतीय चवींच्या गोड पदार्थांचं पुस्तक लिहिलं. अशा स्पर्धकाकडे कॅमेरा दयेने बघतो: बिचारीला चव घेता येत नाही!

आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक कोणी चाखत नाही. गणपतीला, महालक्ष्म्यांना सोळा भाज्या, वरण, कढी, पुरण होतं आणि आरती होईपर्यंत जिभेला काही लागत नाही. मीठ हाताने कळतं, आमटी उकळीच्या वासाने कळते, पुरण शिजलं की त्यात उलथनं उभं राहतं. हे शिकलेल्या बाईला मटणाच्या रश्शाचं मीठ अंदाजाने घालायला सांगितलं तर ती घाबरेल, पण हरेलच असं नाही. सासूबाईंना बरं नसताना मी सुरमईचं तिखलं करते, त्याबद्दल अजून तक्रार आलेली नाही.

५. परदेशातला शाकाहारी वेगळा, आपला वेगळा

हा मुद्दा आपले लोक हमखास विसरतात.

निर्जन जागी तग धरायला लावणाऱ्या ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकी कार्यक्रमाच्या दुसऱ्या पर्वात, २००१ साली, किमी कॅपनबर्ग नावाची शाकाहारी स्पर्धक होती. ऑस्ट्रेलियाच्या उजाड माळावर टोळीकडे कोंबड्या आल्या. बाकीच्यांच्या पोटात कावळे कोकलत होते आणि हिला त्या मारलेल्या बघवत नव्हत्या. त्यावरून एका सहस्पर्धक बाईशी झालेली बोटं नाचवणारी खडाजंगी त्या कार्यक्रमाच्या गाजलेल्या भांडणांत मोजली जाते. तिथला शाकाहारी एकटा पडतो. भूक सगळ्यांना लागलेली, तत्त्व एकट्याचं, आणि कॅमेरा भुकेच्या बाजूचा.

आपल्याकडे पारडं उलटं झुकतं. २०१४ च्या नमुना नोंदणी सर्वेक्षणात देशातले पंधरा वर्षांवरचे सुमारे ७० टक्के लोक सामिष खाणारे निघाले. म्हणजे शाकाहारी संख्येने थोडे, पण मान त्यांचा. मुंबईत वशाट खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या आहेत. शाकाहारी म्हणून कोणाला घर नाकारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. तेव्हा परदेशी कार्यक्रमात कोणी शाकाहाऱ्याची टर उडवली म्हणून इथे बसून आपण गळा काढायचा, तर जरा दमानं घ्यावं.

‘मास्टरशेफ इंडिया’चं चौथं पर्व २०१५ मध्ये संपूर्ण शाकाहारी ठेवलं होतं. संजीव कपूर, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार परीक्षक होते, आणि निकिता गांधी जिंकली. त्या पर्वातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. सगळेच भाजी शिजवत असल्यामुळे कोणालाच ‘तू शाकाहारी का?’ असं विचारायची सोय उरली नाही, आणि चर्चा निमूटपणे हातावर, चवीवर आली. नावडलेली गोष्ट तितकीच मोठी. तिसऱ्या, सुकट, सोडे, खेकडे, कोंबडी-वडे हे सगळं एका निर्णयाने देशाच्या स्वयंपाकघराबाहेर गेलं. त्याच वर्षी शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाद्यसंस्कृतीवरचं. त्यातले पदार्थ एखाद्या वाहिनीच्या स्पर्धेत सजून आलेले मी आजवर पाहिलेले नाहीत. शाकाहाऱ्याला चुकीचं दाखवतात ही तक्रार रास्त आहे, पण काहींना दाखवतच नाहीत, हे त्याच दमात म्हटलं पाहिजे.

६. किडे खाण्याची फेरी कोणाचीच परीक्षा नसते

ब्रिटनमधल्या ‘आय ॲम अ सेलिब्रिटी’ या नामवंतांच्या स्पर्धेने २०१९ मध्ये जिवंत किडे खायला लावणं बंद केलं. तोवर शाकाहारी स्पर्धकाने नकार दिला की भित्रा आणि खाल्लं की ढोंगी, असे दोनच शिक्के होते. यावर जास्त शाई खर्च करण्यात अर्थ नाही.

७. नक्कल हरते

२००९ मध्ये ‘टॉप शेफ’ या अमेरिकी पाककला स्पर्धेच्या सहाव्या पर्वात लास व्हेगासच्या क्राफ्टस्टेक या मांसासाठीच प्रसिद्ध असलेल्या हॉटेलात शेफमंडळींना उभं केलं. तिथल्या मांसाकडे बघून सगळे हात चोळत होते, आणि पाहुणी म्हणून आली शाकाहारी अभिनेत्री नॅटली पोर्टमन. सगळ्यांची तारांबळ. लीकच्या चकत्या स्कॅलप शिंपल्यासारख्या मांडणारा शेफ त्या भागात बाहेर गेला. जिंकला केव्हिन गिलेस्पी, डुकराच्या मांसाचा शौकीन म्हणून ओळखला जाणारा. त्याने अळंब्यांना अळंब्याच राहू दिलं.

हा धडा आपल्या स्पर्धकांनी घ्यायला हवा. फणसाचं ‘मटण’, सोयाचा ‘खिमा’, केळफुलाचा ‘मासा’ बघून परीक्षक म्हणतात, मटणाची आठवणही झाली नाही. यापेक्षा मोठी पावती नाही असं समजून स्पर्धक हात जोडतो. नागपूरकडच्या पाटवडी रश्शाला अशी पावती लागत नाही. तो खाताना कपाळाला घाम येतो आणि माणूस दुसरी वाटी मागतो.

८. वेगळा चिमटा मागणारा नखरेल नसतो

आमच्या त्या स्पर्धेत एका मुलीने वेगळा चिमटा आणि तळणीला ताजं तेल मागितलं. कढईत आधी कोळंबी तळली होती. मागणी दोन वाक्यांची, आवाज शांत. पडद्यावर आलं तेव्हा मागे ढोल होते, समोर इतर स्पर्धकांचे डोळे फिरवलेले चेहरे होते, आणि ते चेहरे त्या दिवसाचे नव्हतेच. मी हे बोलले तर उत्तर मिळालं, “मॅडम, पब्लिकला मजा येते.”

खरं तर अशा स्वयंपाकघरात शाकाहाऱ्याला डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. पन्ना कोट्टा जिलेटिनने धरतो, आणि ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून निघतं. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. दुकानातल्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, स्पर्धेच्या फडताळातल्या बिनलेबलाच्या बरणीवर तो कुठून येणार? विचारणारा विचारतो तेव्हा त्याचं काम करत असतो. मांसाच्या आतलं तापमान तपासणाऱ्याला दक्ष म्हणायचं आणि बरणी तपासणाऱ्याला सोवळा, हा कुठला न्याय?

९. खुर्चीत बसलेल्याला कोणी विचारत नाही

२०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचं सूत्रसंचालन रितेश देशमुखने केलं. त्याने मांसाहार सोडलेला आहे आणि पत्नी जेनेलियासोबत २०२१ मध्ये वनस्पतिजन्य मांसाची ‘इमॅजिन मीट्स’ ही कंपनीही काढली आहे. पर्वभर मला तो शाकाहारी वाटला नाही, सूत्रसंचालक वाटला. घरातल्या माणसाचं ताट मोजतात, बाहेरच्या खुर्चीतल्याचं मोजत नाहीत.

१०. वाहिन्यांना एक विनंती

पुढच्या मराठी पाककला स्पर्धेत एकच फेरी अशी ठेवा, जिचं साहित्य स्पर्धकांना आदल्या दोन रात्री मिळेल. ज्याला वाल भिजवायचे त्याने भिजवावेत, ज्याला मटण मुरवायचंय त्याने मुरवावं, ज्याला सुकट निवडायचीय त्याने निवडावी. कॅमेरा त्या दोन रात्री चालू ठेवा. आणि निकालाच्या वेळी आजीबद्दल विचारू नका, डाळिंबी न फुटता कशी सोलली ते विचारा.