रिकाम्या बाटलीचे अर्थशास्त्र

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरी उन्हाळ्यात कोकमाचे आगळ आणि अमृत कोकम तयार होते. ते भरायला लागणाऱ्या बाटल्या मात्र आम्ही आजवर नव्या अशा फारशा घेतल्याच नाहीत. तालुक्याच्या गावातील भंगारवाल्याकडून जुन्या बाटल्या गोणीने आणायच्या, धुवायच्या, भरायच्या, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. अर्थशास्त्राच्या वर्गात उत्पादनखर्चाचे प्रकरण सुरू झाले तेव्हा सरांनी प्रत्येकाला आपल्या परिसरातील एखादी वस्तू निवडायला सांगितली. बहुतेकांनी काजू आणि आंबा घेतला. मी रिकामी बाटली घेतली. वर्गात थोडा हशा झाला. परंतु ती निवडण्यामागे माझे एक कारण होते. ते पुढे येईलच.

बाटली परत वापरणे ही काही आजची कल्पना नव्हे. ‘बाटलीवाला’ हे आडनाव याच धंद्याची आठवण बाळगून आहे. माझे आजोबा गिरणीत होते, मुंबईत. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे मुंबईकरांना काचेच्या बाटलीतून दूध मिळाले. पहाटे कार्ड आणि रिकामी बाटली घेऊन केंद्रावर रांग लावायची, रिकामी द्यायची आणि पातळ ॲल्युमिनियमचे झाकण असलेली भरलेली घ्यायची. रिकामी फुटली तर घरात जे बोलणे बसे ते आजोबा अजून सांगतात. कारखान्याला बाटली परत मिळावी म्हणून कोणाला उपदेश करावा लागत नव्हता. उद्याचे दूध आजच्या रिकाम्या बाटलीला बांधलेले होते, एवढेच.

गोटी सोड्याच्या बाटलीची गोष्ट याहून गमतीची आहे. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ च्या सुमारास ती तयार केली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते आणि तोंडाशी रबराचे कडे. बाटली उलटी धरून भरतात. सरळ केली की आतला वायू गोटीला वर दाबून धरतो आणि तोंड आपोआप बंद होते. बूच नको, बूच बसवणारे यंत्र नको. शिवाय अशी बाटली घरी नेऊन तिच्यात तेल किंवा मध भरावा अशी सोय नाही. ती सोडेवाल्याकडेच परत जायची. तिला शत्रू एकच, तो म्हणजे गोटीसाठी बाटली फोडणारी पोरे. तरीही ती टिकली, कारण सोडा दुकानासमोर उभे राहूनच प्यायचा असे. आपल्याकडे काही ठिकाणी ती अजून दिसते.

या दोन उदाहरणांत ग्राहक जवळचा होता आणि त्याला परत यावेच लागत होते. आमच्यासारख्या लहान उत्पादकाचे तसे नाही. आमची बाटली कोणाच्या हाती जाते आणि मध्यंतरी तिच्यात काय काय भरले जाते, हे आम्हांला कळत नाही. म्हणून धुण्याला महत्त्व येते. ते काम आमच्याकडे कसे चालते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुस्तकात ते कोठे आढळले नाही.

गोणी आल्यावर पहिले काम निवडीचे. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली वेगळी, ७५० ची वेगळी. दुसऱ्याचे नाव काचेतच उठवलेली असेल ती बाजूला काढतो. ती ज्याची त्याच्याकडेच जायला हवी. मग प्रत्येकीच्या काठावरून बोट हलकेच फिरवायचे. काठाचा टवका उडालेला असेल तर बूच घट्ट बसत नाही, आणि काचेची कपची रसात पडण्याचे भय राहते. त्यानंतर बाटली उजेडाकडे धरून पाहायची. शेवटी वास घ्यायचा. हा वास घेण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा, कारण गावोगाव रिकाम्या बाटलीत रॉकेल आणि डिझेल ठेवण्याची सवय आहे. काच स्वतः वास धरत नाही म्हणतात ते खरे. परंतु तळाशी आणि आटीच्या खाचेत तेलाचा जो पातळ थर राहतो तो साध्या धुण्याने निघत नाही. अशी बाटली टाकून द्यावी हे उत्तम.

निवडलेल्या बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतो. शंभर लिटर पाण्याला सुमारे दोन किलो सोडा, आणि पाणी साठ-सत्तर अंश गरम. भांडे लोखंडी किंवा स्टीलचे हवे. ॲल्युमिनियमला सोडा खातो. हातांत रबरी मोजे हवेतच. या पाण्यात कागदी लेबल आणि त्याखालची खळ सुटून येते, बुरशी मरते. मग लांब दांड्याच्या ब्रशने आतून घासायचे आणि स्वच्छ पाण्याने तीनदा तरी विसळायचे. सोडा राहिला की नाही हे पाहायला मी कॉलेजात पाहिलेला लाल लिटमस कागद वापरू लागलो. शेवटच्या पाण्यात तो निळा झाला तर आणखी एकदा विसळा. आई हे बोटांना लागणाऱ्या बुळबुळीतपणावरून ओळखते आणि तिचा अंदाज सहसा चुकत नाही.

गरम पाक भरायचा असेल तर बाटलीही आधी गरम करून घ्यावी लागते. साध्या बाटलीच्या काचेला एकदम चाळीसएक अंशांहून अधिक फरक सोसवत नाही. थंड बाटलीत उकळता पाक ओतला की तळ वेगळा होऊन हातात नळी राहते. कोकमाला काचच चांगली, याचे कारण त्याचा आंबटपणा. आंबट आणि खारट आगळ पत्र्याला खाते, काचेला त्याचे काही होत नाही.

आता माझ्या कारणाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी परीक्षा तोंडावर होती आणि निवडीचे काम माझ्याकडे होते. घाईत मी अर्ध्या गोणीचा वासच घेतला नाही. सगळ्या बाटल्या धुतल्या गेल्या, भरल्या गेल्या आणि घाटावरच्या एका दुकानदाराकडे गेल्या. आठ दिवसांनी सगळा माल परत आला. एका बाटलीतल्या सरबताला रॉकेलचा वास होता. बाकीच्या चांगल्या असतील, परंतु त्या दुकानदाराने त्या का उघडून पाहाव्यात? त्याचे काहीच चुकले नाही. आई मला एवढेच म्हणाली, “नाक खंय होता रे तुझा?” त्या हंगामाचा बहुतेक नफा त्या एका फेरीत गेला, आणि घरात पहिल्यांदा प्लॅस्टिकच्या बाटल्या घेण्याचे बोलणे निघाले.

प्लॅस्टिकची बाटली स्वस्त, हलकी, फुटत नाही, धुवायची नाही. तिच्या बाजूचे हे मुद्दे खोटे म्हणता येणार नाहीत. म्हणून मी हिशेब मांडून पाहिला. समजा, नवी काचेची बाटली २० रुपयांना पडते आणि ती परत आणून धुण्याचा खर्च ५ रुपये आहे. शंभरातल्या पन्नास परत आल्या तर एक बाटली सरासरी दोनदाच वापरली जाते. ऐंशी आल्या तर पाचदा, नव्वद आल्या तर दहादा, आणि पंच्याण्णव आल्या तर वीसदा. म्हणजे दर भरण्यामागे बाटलीचा खर्च अनुक्रमे १०, ४, २ आणि १ रुपया. त्यात धुण्याचे ५ मिळवले की १५, ९, ७ आणि ६. प्लॅस्टिकची बाटली ८ रुपयांना मिळते असे धरले, तर काच तिच्याशी बरोबरी करते ती शंभरातल्या पंच्याऐंशी परत आल्यावर. त्याखाली काचेचा आग्रह तोट्याचा. मला यात नवल वाटले ते शेवटच्या टप्प्याचे. नव्वदावरून पंच्याण्णवावर जाताना फक्त पाच बाटल्या अधिक येतात, पण बाटलीचे आयुष्य दुप्पट होते.

बाटली फोडून पुन्हा वितळवली तर काय बिघडले, असे एका मित्राने विचारले. काच वितळवायची भट्टी सुमारे १,५०० अंशांवर चालते. तिच्यात जुन्या काचेचे तुकडे दहा टक्के घातले की इंधन अडीच-तीन टक्के वाचते. म्हणजे सगळीच जुनी काच घातली तरी बचत पंचवीस-तीस टक्क्यांच्या आसपास, आणि बाकीचे इंधन जळतेच. धुण्याला सत्तर अंशांचे पाणी पुरते.

तेव्हा प्रश्न उरतो तो बाटली परत आणण्याचा. आम्ही गावात बाटलीमागे दहा रुपये ठेव घ्यायला लागलो, तेव्हा वाडीतल्या बहुतेक सर्व बाटल्या परत आल्या. काही तर ज्यांनी नेल्या त्यांच्याकडून न येता शाळेत जाणाऱ्या मुलांकडून आल्या, आणि ते दहा रुपये मुलांचे झाले. रस्त्यावरच्या स्टॉलवरून मुंबई-पुण्याकडे गेलेल्यांपैकी मात्र बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. दहा रुपयांसाठी कोण घाट उतरणार? तमिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यातील सरकारी मद्यदुकानांत २०२२ पासून अशीच योजना आहे. फुटक्या बाटल्यांनी जंगलातल्या जनावरांचे पाय कापत होते, ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन रिकामी आणल्यावर ते परत देण्याचे ठरले. तेथेही बाटली विकत घेणारा आणि परत घेणारा एकाच डोंगरावर आहेत, हे लक्षात घ्यावे.

दूर गेलेल्या बाटलीचे उत्तर मला जर्मनीच्या उदाहरणात सापडले. तेथील खनिज पाण्याच्या उत्पादकांच्या सहकारी संघाने १९६९ साली सर्वांसाठी एकच बाटली ठरवली. ग्युंटर कुपेट्झ यांनी आखलेली ही ०.७ लिटरची बाटली. अंगावर बुडबुड्यांसारखे उठवलेले काचेचे मणी, तोंडाला आटीचे झाकण. एका झऱ्याचे पाणी पिऊन झाले की तीच बाटली जवळच्या दुसऱ्या झऱ्यावर भरली जाते, फक्त लेबल बदलते. एक बाटली पन्नासएक वेळा भरली जाते असे सांगतात. अशा बाटलीला ठेव १५ सेंट. तिला स्वतःच्याच घरी परतावे लागत नाही, कोणत्याही सभासदाच्या घरी गेली की पुरे. आपल्याकडे मात्र जो तो आपल्या बाटलीचा आकार निराळा ठेवण्यात प्रतिष्ठा मानतो. सहकाराच्या गोष्टी आपण साखर आणि दुधापुरत्याच का करतो, कोण जाणे!

हे सर्व वाचून दाखवल्यावर आईने विचारले, “मग आपण काय करायचं?” आमच्या वाडीत आणखी दोन घरे कोकमाचा माल करतात. तिघांनी मिळून एकच ७५० ची, पांढऱ्या काचेची, आटीच्या झाकणाची बाटली धरायची असे ठरले आहे. ठेव तिघांची सारखी, आणि कोणाचीही बाटली कोणीही घ्यायची. मुंबईला जाणारा माल मात्र यंदा प्लॅस्टिकमध्येच जाईल. आकडे तसे सांगतात आणि मला ते नाकारता आले नाहीत. झाकणांचा प्रश्न अजून सुटलेला नाही, कारण आटीचे झाकण दुसऱ्या खेपेला सैल पडते आणि ते नवेच घ्यावे लागते. एका घराचा आग्रह अजून हिरव्या बाटलीसाठी आहे. धुण्याचे काम तिन्ही घरांत वाटून घेतले आहे, आणि वास घेण्याचे काम आईने पुन्हा माझ्याकडेच दिले आहे.