ढोलकी घेऊन जा

माजलगाव

चि. बाळू,

पुण्याच्या चर्चमध्ये ओळखीचं कुणी नाही, मिस्सा इंग्रजीत, म्हणून रविवारी खोलीवरच मोबाईल लावून मिस्सा बघतोस आणि तरी प्रार्थनेत मन लागत नाही, असं तू लिहिलंस. मन लागत नाही याचं मला विशेष काही वाटलं नाही, माझंही पुष्कळदा लागत नाही. एकटा बसतोस, ते मात्र खटकलं. 2020 साली चर्चची दारं बंद होती तेव्हा मोबाईलनं आपल्याला सांभाळलं. आजारी माणसाला तो आजही आधार आहे. तू धडधाकट आहेस.

आधी भक्ती यावी आणि मग माणसांत जावं, असा तुझा हिशेब दिसतो. आपल्या घरात तो कायम उलटा होता. इकडे आपली घरं विखुरलेली. औरंगाबादचा धर्मप्रांत 1977 मध्ये झाला, त्याआधी आपण अमरावतीकडे होतो. एवढ्या पसाऱ्यात दारोदार फादर कुठून येणार? विश्वास टिकला तो आयाबायांनी टिकवला.

तुझी आजी ऊसतोडीला जायची. दसरा झाला, मुकादमाची उचल घेतली, की टोळी निघाली. नाताळ फडावरच यायचा, आणि नाताळ म्हणून कारखान्याचं गाळप थांबत नाही. पहाटे गाडी भरायची, दिवसभर कोयता. संध्याकाळी कोपीपुढं चूल पेटली की पाचटानं चिरलेल्या बोटांत ती जपमाळ धरायची. एका वर्षी दोरा तुटला आणि मणी पाचटात गेले. मग दहा बोटांवर दहा ‘नमो मरिया’. ती मध्येच पेंगली की मी पुढं म्हणायचो, मी पेंगलो की ती. दोघंही पेंगलो तर शेजारच्या कोपीतली बाई मला ढोसायची. ती पंढरीची वारकरी, पण आमची माळ अर्धवट राहिलेली तिला चालत नसे! प्रार्थना अशी एकमेकांच्या जिवावर चालते, बाळू. तू ती एकट्याच्या खांद्यावर घेतलीस म्हणून जड झाली.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर गावी आलं की आजी आधी उपकारस्तुतीची मिस्सा सांगायची. कशाबद्दल, असं फादरांनी विचारलं की यादी तयार असे: गाडी उलटली नाही, बैलाचा पाय बरा झाला, टोळीतली बाळंतीण धड घरी आली. उचल फिटायची राहिली असेल तर तेही फादरांना सांगायची. उपकार मानते म्हणून मुकादमापुढं मान खाली घालायची नाही. वजनाच्या हिशेबावरून तिनं घातलेले वाद मी ऐकलेत. देवाचे आभार मानणं आणि आपल्या घामाचे पैसे मागणं यात तिला कधी विरोध दिसला नाही. तूही कामाच्या ठिकाणी हे लक्षात ठेव.

रात्री झोपण्याआधी दिवस तपासून पाहायची रीत संत इग्नेशियस लोयोला यांनी शिकवली. ती चुकांपासून सुरू होत नाही, आभारापासून होते. पाच मिनिटं पुरतात. पण ‘सगळ्याबद्दल धन्यवाद’ असं गुळमुळीत म्हणू नकोस. मेसमधल्या मावशींनी उशिरा आल्यावरही भाकरी टाकून दिली, तर ती भाकरी आणि त्या मावशी देवापुढं ने. आणि सकाळी मावशींनाही सांग.

खोलीतली पोरं विचारतात, मराठी आणि ख्रिस्ती कसा? चिडू नकोस. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात राहून दहा हजारांवर मराठी ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, ते 1616 मध्ये छापलं गेलं आणि लोक चर्चमध्ये एकत्र बसून ते ऐकत. आणि 2020 मध्ये आपल्या शेजारच्या उस्मानाबादेत साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एवढं सांग आणि चहा प्यायला चल म्हण.

आता रविवारचं. एकच वेळ धर आणि दर आठवड्याला त्याच मिस्सेला जा. चेहरे आपोआप ओळखीचे होतात. संपल्यावर पळू नकोस. फादरांना भेट, धर्मग्रामाच्या वहीत नाव घाल, मराठी मिस्सा कुठं नि किती वाजता असते ते विचार. पापनिवेदन बरेच दिवस राहिलं असेल तर तेही उरकून घे, मी खोदून विचारणार नाही. आणि गायकमंडळात विचार, ढोलकी वाजवायला कुणी हवंय का. नुसता येऊन बसणारा पाहुणा राहतो. ज्याच्या हातात ढोलकी, त्याला सरावाला बोलावतात, तो आला नाही तर फोन करतात. सराव कंटाळवाणा असतो, एखादा बेसूर काका तालाला खेचतो, हे धरून चाल. तुझी ढोलकी इथं माळ्यावर आहे, शाई उडाली होती ती भरून घेतली. येत्या शनिवारी पुण्याला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवर देतो, उतरवून घे.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आम्ही टेम्पो करून निघतोय. तू तिकडून श्रीरामपूरला ये, पुढं सोबत जाऊ. रजेचा अर्ज आत्ताच टाक, ऐन वेळी साहेब नाही म्हणतात.

तुझा
मामा