वहिनींची नावापुरती सही

प्रश्न : दिरांचा अंबरनाथ एमआयडीसीत छोटा केमिकल कारखाना आहे. प्रायव्हेट लिमिटेडला दोन संचालक लागतात म्हणून माझं नाव घातलं. मी तिथे कधी पाऊलही टाकलेलं नाही. डोंबिवलीच्या स्फोटानंतर मालकांना अटक झाली, तेव्हापासून धाकधूक वाटते. कंपनी ‘लिमिटेड’ आहे, मग मला काय होणार?
– एक वाचक, विठ्ठलवाडी

उत्तर : ‘लिमिटेड’चं कवच भागधारकाला असतं. कंपनी बुडाली तर त्याचे शेअरचे पैसे जातात, तो घरादाराला मुकत नाही. तुम्ही मात्र संचालकही आहात, आणि ‘नावापुरता संचालक’ असा प्रकार कायद्यात नाही. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 166 सांगतं की संचालकाने सचोटीने, पुरेशी काळजी घेऊन आणि स्वतःच्या विचाराने निर्णय घ्यावा. नाही घेतला तर दंड 1 ते 5 लाख रुपये. ‘भावजी म्हणाले, मी सही केली’ हा बचाव तिथे चालत नाही.

म्हणून कंपनीतल्या प्रत्येक भानगडीला तुम्ही जबाबदार, असंही नाही. चेक न वटल्याच्या खटल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली एसएमएस फार्मास्युटिकल्स प्रकरणात सांगितलं की नुसतं संचालकपद पुरेसं नाही. त्या वेळी कंपनीचा कारभार त्या व्यक्तीच्या हाती होता, असं तक्रारीत नमूद हवं. चेकवर सही करणारा मात्र यातून सुटत नाही. तेव्हा कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवत असाल, तर ते आजच थांबवा.

तुमची खरी धाकधूक कारखान्याची, आणि ती अगदीच अनाठायी नाही. कारखान्याच्या सुरक्षिततेसाठी कायदा ‘ऑक्युपायर’ला, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्या व्यक्तीला, धरतो. पूर्वी कंपन्या ऑक्युपायरच्या रकान्यात खुशाल एखाद्या मॅनेजरचं नाव टाकत आणि कोर्टाच्या पायऱ्या तोच बिचारा चढे. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कायदा बदलला : कंपनीचा ऑक्युपायर संचालकांपैकीच कुणीतरी. 1996 च्या जे. के. इंडस्ट्रीज निकालाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. शिवाय कंपनीने कुणालाच नेमलं नसेल, तर निरीक्षक कोणत्याही संचालकावर कारवाई करू शकतो, असंही म्हटलं. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही नियम तोच आहे, फक्त स्वतंत्र संचालक वगळले आहेत. डोंबिवलीतल्या 23 मे 2024 च्या अमुदान केमिकल्स स्फोटानंतरच्या गुन्ह्यातही मालकांसोबत इतर संचालक आणि व्यवस्थापन यांचा उल्लेख होता. गुन्हा नोंदला म्हणजे दोष सिद्ध झाला असं नव्हे. पण कारखान्याच्या परवान्यावर ऑक्युपायर म्हणून कुणाचं नाव आहे, ते दिरांना आज संध्याकाळीच विचारा.

जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही अशी आणखी एक सही म्हणजे बँकेच्या कर्जाची वैयक्तिक हमी. ती दिलीत, की भागधारकाचं ते कवचही कामाला येत नाही. प्राप्तिकराचंही असंच काहीसं आहे. प्रायव्हेट कंपनीकडून थकबाकी वसूल झाली नाही, तर त्या वर्षीच्या संचालकांकडे मागता येते, आणि हलगर्जी आपली नव्हती हे संचालकालाच दाखवावं लागतं.

बाहेर पडायचं असेल तर तोंडी सांगून भागत नाही. लेखी राजीनामा द्या, पोच घ्या. कंपनीने तो कंपनी निबंधकांना कळवायचा असतो, आणि डीआयआर-11 फॉर्म भरून तुम्हालाही कळवता येतो. पदावर असतानाच्या काळाची जबाबदारी मात्र राजीनाम्याने पुसली जात नाही. दिरांना दुसरा संचालक शोधावा लागेल, तो त्यांचा प्रश्न.